तीन ओळींचे सहा आठवडे

परवा मावसभाऊ घरी आला होता. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, एका मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर नुकतंच हातात पडलेलं. म्हणाला, "दादा, तिथं काम लय अवघड असतं का रे?" मी म्हटलं, काम सोपं असतं, कामापर्यंत पोचणं अवघड. तो हसला. त्याला वाटलं मी हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल बोलतोय. ट्रॅफिक त्यात आलंच, पण तो नुसता पहिला टप्पा.

माझी सुरुवात जुलै २०१३ ची. आम्ही पाच जण वाकडला एका टू बीएचकेत राहायचो. ऑफिस राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज थ्रीत, माण गावाच्या अंगाला. अंतर नऊ किलोमीटरच्या आतबाहेर. पावसाळ्यात सकाळी साडेआठला बसमध्ये बसलं की भूमकर चौक, मग शिवाजी चौक असं करत करत पावणेदहाला उतरायचं. उतरल्यावर गेट, गेटवर आयडी कार्ड, बॅगेची तपासणी, मग आपल्या इमारतीच्या दाराशी पुन्हा कार्ड. मी तासगावजवळच्या खेड्यातला. आमच्या द्राक्षबागेलाही कुंपण आहे, पण आप्पांना आत जायला कधी कार्ड लागलं नाही.

पहिले तीन महिने ट्रेनिंग. जावा शिकवलं, परीक्षा घेतल्या, आणि शेवटच्या शुक्रवारी कुणाला काय मिळालं त्याची एक्सेल शीट मेलवर आली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, मेनफ्रेम. शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला, मयताला आल्यासारखा. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांचे थोरले कॉम्प्युटर, त्यांच्यावर कोबॉल, आणि कोबॉल १९५९ साली जन्मलेली प्रोग्रामिंगची भाषा. तेव्हा आमचे आप्पासुद्धा जन्मले नव्हते. मला वाटलं होतं ती आता कुठल्यातरी संग्रहालयात असेल. नंतर कळलं की अमेरिकेतल्या कितीतरी बँका आणि विमा कंपन्या रात्रीचा हिशेब अजून तिच्यावरच करतात, आणि ते बदलायची सहसा कुणाची छाती होत नाही.

त्यानंतर बेंच. पगार चालू, काम नाही. ऐकायला स्वर्ग. पण नऊ तासांचं स्वाइप भरलंच पाहिजे, म्हणून रोज तो सव्वा तासाचा प्रवास करून यायचं आणि लायब्ररीत बसायचं. माणसं प्रोजेक्टला जोडून देणारं जे खातं असतं, आरएमजी, तिथून आठवड्याला एखादा फोन यायचा. "अनुभव किती?" "फ्रेशर." "क्लायंटला दोन वर्षं पाहिजेत." फोन ठेवला. बेंचवरची माणसं कॅन्टीनमध्ये लांबून ओळखू यायची. त्यांचं जेवण सावकाश चालायचं. घरी सांगायची लाज वाटत होती, पण दिवाळीत सांगावं लागलं. आप्पा म्हणाले, "पगार देत्यात आन काम देईनात? मी गडी बसवून ठिवला तर त्याला दुपारचा च्यासुदिक पाजत न्हाई." आई म्हणाली, "तू कुणाला सांगू नको बाहेर."

चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रोजेक्ट मिळाला. अमेरिकेतली एक विमा कंपनी, तिच्या एजंटांचं कमिशन काढणारी सिस्टिम. आता काम सुरू, असं वाटलं. टीम बसायची ओडीसीत, म्हणजे त्या एका क्लायंटसाठी राखलेल्या जागेत. काचेच्या दाराआडची खोली, दाराला वेगळं कार्ड, फोन बाहेर लॉकरमध्ये. मला खुर्ची मिळाली, मशीन मिळालं, आणि क्लायंटच्या सिस्टिमचा आयडी मिळायला २३ दिवस लागले. आधी पोलिस व्हेरिफिकेशनचा कागद, मग क्लायंटची ऑनलाइन ट्रेनिंग, मग त्यांच्या मॅनेजरची मंजुरी, मग आमच्या मॅनेजरची. शेवटी आयडी तयार झाल्याचं कळलं. पासवर्ड मात्र क्लायंटच्या मेलबॉक्सात आला होता, आणि तो मेलबॉक्स उघडायला तोच पासवर्ड लागत होता. हा विनोद नाही. त्यासाठी वेगळं तिकीट, म्हणजे सिस्टिमवर मागणीची नोंद, टाकावं लागलं आणि त्यात चार दिवस गेले, ते २३ मध्ये धरलेत.

तोवर मी 'शॅडो'. म्हणजे दुसऱ्याच्या मागं खुर्ची लावून बसायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. ज्यांच्या मागं बसायचो त्यांना सगळे काका म्हणायचे, अगदी आमची मल्याळी टेस्टरसुद्धा. ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं की इथं सर-मॅडम नाही, सगळ्यांना नावानं हाक मारायची. पण पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला एकेरी नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून काका बरं पडलं.

काकांनी पहिल्या दिवशी काय दाखवलं असेल, तर प्रोग्रामचं डोकं. जुन्या कोबॉल प्रोग्रामच्या वरच्या भागात शेऱ्यांची एक यादी असते: तारीख, बदल करणाऱ्याची आद्याक्षरं, काय बदललं. आमच्या प्रोग्रामची पहिली नोंद १९८४ ची. खाली खाली येत १९९८ ला एक नोंद होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हा मी." वायटूकेच्या वेळी, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटरांच्या तारखा चुकतील अशी भीती होती तेव्हा, ते दीड वर्ष अमेरिकेत हार्टफर्डला होते, तेव्हाची. वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, म्हणून त्यांनी अट घातली होती: आकडा पन्नासच्या आत असेल तर २० चं शतक धरा, नाहीतर १९ चं. मी विचारलं, "मग २०५० ला काय होणार?" ते म्हणाले, "मी नसेन. तू असलास तर बघ."

आता त्या तीन ओळी.

३ ऑक्टोबर २०१४, शुक्रवार, दसरा. पुण्यातलं अर्धं ऑफिस सुट्टीवर, पण सपोर्टचं वेळापत्रक क्लायंटच्या कॅलेंडरवर चालतं, आणि फ्रेशर म्हणून ड्युटी माझ्या वाट्याला. काकाही आले होते, का ते माहीत नाही. खिशातून आपट्याचं पान काढून त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवलं. साडेअकराच्या सुमाराला, म्हणजे तिकडं रात्रीचे दोन, महिनाअखेरचा कमिशनचा जॉब पडला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम मधेच बंद पडला. तिकडचं काम इकडून करायचं, त्या ऑफशोअरचं हे खरं गणित. त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस, म्हणून त्यांच्या रात्रीच्या बॅचची, म्हणजे असल्या जॉबांच्या रांगेची, राखण आपण करायची.

कारण एस-झीरो-सी-सेव्हन. मेनफ्रेमवाले त्याला सॉक-सेव्हन म्हणतात आणि तो सर्दीइतका नेहमीचा. जिथं आकडा असायला हवा तिथं दुसरंच काहीतरी सापडलं, आणि प्रोग्रामला त्याची बेरीज करायला सांगितलं, की मशीन तिथंच थांबतं. आमच्याकडं काय झालं होतं, एका एजंटच्या कमिशनच्या जागी शून्याऐवजी नुसत्या मोकळ्या जागा आल्या होत्या. तिकडच्या एका टीमनं एजन्सीसाठी नवीन वेब फॉर्म केला होता, त्यात ती चौकट रिकामी सोडता येत होती. त्या टीमला कळवलं तर उत्तर आलं, फॉर्म ठरल्याप्रमाणेच चालतोय. म्हणजे निस्तरायचं आम्ही.

काकांनी तिकडच्या ऑन-कॉल मॅनेजरला झोपेतून उठवून परवानगी घेतली, त्या एका रेकॉर्डात शून्यं भरली, जॉब पडलेल्या स्टेपपासून पुन्हा चालू केला. पाऊण तासात विषय संपला. मग मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत पडेल. कायमचा बंदोबस्त तू कर. तीन ओळींचं काम आहे."

खरंच तीन ओळी. पहिली शेऱ्याची, तारीख आणि माझी आद्याक्षरं. दुसरी: कमिशन आकडा नसेल तर. तिसरी: तिथं शून्य घाल. पूर्णविराम. मला दहा मिनिटं लागली. त्यानंतर एस्टिमेटचा फॉर्म, त्यात 'बदललेल्या ओळी: ३', मग क्लायंटची मंजुरी, मग टेस्ट करायला मशीनचा जो भाग लागतो त्यासाठी रांग. तो चार टीममध्ये वाटलेला. आमचा नंबर लागला २३ ऑक्टोबरला. त्या दिवशी लक्ष्मीपूजन. त्यांच्या थँक्सगिव्हिंगला फ्रीझ असतो, कुणी कोडला हातही लावायचा नाही. आपल्या लक्ष्मीपूजनाला मात्र टेस्टिंग. आईला फोन केला तर म्हणाली, "फराळ ठिवते डब्यात." आवाजावरून काय ते कळलं.

टेस्ट झाली. मोकळ्या जागांचं रेकॉर्ड घातलं, जॉब पडला नाही, रिटर्न कोड शून्य, म्हणजे मशीनच्या मते सगळं ठीक. मी प्रत्येक स्क्रीनचे फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवले. याला टेस्ट एव्हिडन्स म्हणतात, आणि ती फाइल जितकी जाड तितकं काम चांगलं असा समज आहे. माझी १४ पानांची झाली. वर लिहिलं, पास.

पाडव्याला सकाळी काकांनी फाइल बघितली. पानं उलटत गेले, शेवटच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "बेरीज बघितलीस का?"

नव्हती बघितली. जॉब पडायचा थांबला, एवढंच मी बघत होतो. रिपोर्टच्या तळाशी एकूण कमिशन आलं होतं शून्य. दोनशे एजंट, सगळ्यांचे आकडे समोर दिसतायत आणि बेरीज शून्य.

"पडला नाही म्हणजे बरोबर चालला असं कोण म्हणालं तुला?" एवढंच बोलून ते चहाला गेले. मी दोन तास डोळे फोडत बसलो. कोड बरोबर दिसत होता, तो मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरनंही तक्रार केली नव्हती. शेवटी काकांनीच येऊन कर्सर त्या ओळीच्या टोकाला नेला आणि कोपऱ्यातला रकान्याचा नंबर दाखवला. ७३.

कोबॉल पंच कार्डांच्या काळातलं, म्हणजे प्रोग्राम कार्डांवर भोकं पाडून लिहायचे तेव्हाचं. कार्डावर ८० रकाने. पहिले सहा ओळीच्या क्रमांकाचे, सातवा खुणेचा, कोड आठव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. त्र्याहत्तरपासून पुढं तुम्ही काहीही लिहा, कंपायलर ढुंकून बघत नाही. कार्डं जाऊन कितीतरी वर्षं झाली, रकाने तेच राहिले. मी ओळ देखणी दिसावी म्हणून खूप आत सरकवून लिहिली होती, चलाचं नाव लांबलचक, आणि पूर्णविराम नेमका त्र्याहत्तराव्या रकान्यात जाऊन बसला होता. माझी स्क्रीन रुंद केलेली, त्यामुळं मला तो दिसत होता. कंपायलरच्या लेखी तो नव्हताच. आणि हा प्रोग्राम १९८४ च्या वळणाचा, त्यात अट कुठं संपते ते फक्त पूर्णविरामानं कळायचं. पूर्णविराम गेला, त्यामुळं पुढची बेरजेची ओळही अटीच्या पोटात गेली. म्हणजे प्रोग्रामला मी सांगून बसलो होतो की ज्याचं कमिशन रिकामं आहे त्याचंच तेवढं मिळव.

हे तसंच पुढं गेलं असतं तर काय झालं असतं, हे मला काकांनी सांगितलं नाही. मीच रात्री पडल्या पडल्या हिशेब केला.

काकांनी पूर्णविराम उचलून खाली नेला आणि एका स्वतंत्र ओळीवर एकटाच ठेवला. जुनी माणसं असंच करतात म्हणे, म्हणजे तो कुणाच्या नजरेतून सुटत नाही. तीनाच्या चार ओळी झाल्या. एस्टिमेटमध्ये तीन मंजूर होत्या, तो आकडा आम्ही बदलला नाही. बदलला असता तर फॉर्म पुन्हा पहिल्यापासून.

पुढची पायरी कॅब, म्हणजे बदल मंजूर करणाऱ्यांची बैठक, दर बुधवारी तिकडच्या सकाळी नऊला. आपले संध्याकाळचे साडेसहा. कंपनीची बसही साडेसहाचीच, त्यामुळं कॅबच्या दिवशी घरी कसं जायचं ते आपलं आपण बघायचं. २९ ऑक्टोबरला माझा अर्ज परत आला. १९ रकान्यांचा फॉर्म, त्यातला 'बदल मागे कसा घेणार' हा मी रिकामा सोडला होता. म्हणजे त्या एजंटानं जे केलं तेच मी केलं, फक्त माझ्या वेळी मशीन थांबलं नाही, माणसं थांबली. पुढचा बुधवार महिनाअखेरच्या फ्रीझमध्ये गेला. १२ नोव्हेंबरला तिकडचं घड्याळ एक तास मागं गेलेलं, त्यामुळं कॉल साडेसातला. लाइनवर चाळीसेक माणसं. कुणाच्या तरी घरात कुत्रं भुंकत होतं. माझा नंबर एकतिसावा. कुणीतरी विचारलं, किती ओळी? मी म्हटलं, तीन. "प्रोसीड." पंधरा सेकंद लागले असतील.

शनिवारी रात्री तिकडं रिलीज, म्हणजे १६ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी साडेआठला इकडं. वाकडहून फेज थ्रीला मी त्या दिवशी अठरा मिनिटांत पोचलो. माझ्या नऊ वर्षांतला तो विक्रम आहे.

पुढच्या महिनाअखेरीला जॉब नीट चालला. कुणाचा मेल आला नाही. न पडलेल्या जॉबबद्दल मेल कोण पाठवणार?

मी त्या सहा आठवड्यांवर खूप चिडलो होतो. आता तितका चिडत नाही. इतक्या लोकांचे पैसे ज्या प्रोग्राममधून जातात त्यात कालच्या पोरानं दहा मिनिटांत लिहिलेलं काहीही तसंच जाऊ नये, हे मला पटतं. पण एक गोष्ट अजून सलते. माझी चूक त्या प्रोसेसनं पकडली नव्हती. १९ रकान्यांपैकी एकही रकाना 'बेरीज बघितली का' असं विचारत नव्हता, आणि चाळीस माणसांपैकी कुणीही विचारलं नाही. १४ पानांची फाइल ज्या कुणी मंजूर केली त्यानं ती उघडली होती की नाही, देव जाणे. सुट्टीच्या दिवशी उगाच ऑफिसात आलेल्या एका माणसानं ती पकडली, आणि त्याच्या त्या सकाळचं टाइमशीट कशावर भरलं गेलं तेही मला माहीत नाही.

अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे काम लिहायचं होतं. मी लिहिलं, 'कमिशनचा जॉब पडत होता तो दुरुस्त केला.' मॅनेजर म्हणाले, "असं नाही लिहायचं रे." मग त्यांनी स्वतः एक वाक्य लिहून दिलं. त्यात 'प्रोॲक्टिव्ह' आणि 'बिझनेस इम्पॅक्ट' होतं, काम कुठं होतं ते मला सापडलं नाही. रेटिंग आलं मधलं. "तुझं काम चांगलंय, पण वरच्या बकेटमध्ये जागा संपली." टीममधल्या अमुक टक्क्यांनाच वरचं रेटिंग द्यायचं, हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. याला बेल कर्व्ह म्हणतात. काकांनाही मधलंच मिळालं. त्यांना ते सतरा वर्षांत बारा वेळा मिळालं होतं, असं ते मोजून सांगायचे, आणि सांगताना त्यांना राग आलेला दिसायचा नाही. मला यायचा.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तेच जॉब, तेच बुधवार, दरवर्षी हनुमान जयंतीला हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड असलं की लवकर निघायचं. २०१९ ला काका निवृत्त झाले, केक कापला. मार्च २०२० मध्ये, ज्या ओडीसीत फोन न्यायची बंदी होती तिथले डेस्कटॉप टेम्पोत घालून आमच्या घरोघरी आले. क्लायंटची परवानगी एका आठवड्यात मिळाली. सहा वर्षांत मी एवढी वेगवान मंजुरी बघितली नव्हती. मी गावी, सोप्यात मशीन मांडून बसलो. बाहेर द्राक्षं तयार आणि उचलायला व्यापारी नाही. आप्पांनी निम्म्या मालाचा बेदाणा केला. रात्री कॉलवर मी बोलत असलो की ते दारात उभे राहून ऐकायचे. एकदा म्हणाले, "तू तर नुसतं 'येस' म्हणतोयस."

२०२२ मध्ये सगळेच नोकऱ्या बदलत होते, मीही राजीनामा टाकला. नोटीस नव्वद दिवसांची. माझ्या जागी नांदेडची एक मुलगी आली, फ्रेशर, साडेतीन महिने बेंचवर काढून आलेली. तिला आयडी नव्हता, म्हणून माझ्या मागं खुर्ची लावून बसायची आणि वहीत लिहून घ्यायची. मी तिला प्रोग्रामचं डोकं दाखवलं, १९८४, १९९८, २०१४. खाली येत येत त्या जागी आलो तर तिनं विचारलं, "सर, हा एकटाच पूर्णविराम इथं का ठेवलाय? टायपो आहे का?"

मी कागद घेतला आणि ८० रकाने आखायला लागलो. हे सांगायला अर्धा तास तरी लागतो. शेवटचा शुक्रवार होता. चार वाजून दहा मिनिटांनी माझी स्क्रीन काळी झाली, आयडी बंद. तो यायला २३ दिवस लागले होते. तिनं स्वतःच्या मशीनवर तिचं तिकीट उघडून बघितलं, 'पेंडिंग विथ क्लायंट'. मग तो कागद आणि पेन घेऊन आम्ही दोघं खाली चहाला गेलो.